गेटवरच्या नोटिशीपासून इंडिया कोडपर्यंत

पदव्युत्तर शिक्षण रसायनशास्त्रात झालं आणि पीएचडीला विषय घेतला कारखान्यांतल्या रासायनिक धोक्यांचा. पहिल्याच महिन्यात फसले. कुठल्याशा संकेतस्थळावरून कारखाने अधिनियम, १९४८ ची पीडीएफ उतरवली, आठवडाभर वाचून टिपणं काढली. गाईडनी एकच विचारलं, "यात प्रकरण ४अ कुठंय?" ते नव्हतंच. माझी प्रत १९८७ च्या दुरुस्तीच्या आधीची होती.

तेव्हा लक्षात आलं की कायदा होणं आणि तो कामगाराला वाचायला मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो १०० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी, धोकादायक यंत्रांना कठडे, असं त्याचं स्वरूप. मोठ्यांच्या कामाच्या तासांवर मर्यादा नव्हती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी हवी, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार हवा, अशा त्यातल्या मागण्या. कायदा मात्र इंग्रजीत, आणि गिरणीतली माणसं बहुतेक कोकणातली नि देशावरची.

१९४८ च्या कायद्यात यावर थोडा उपाय होता. कलम १०८ नुसार कायद्याचा सारांश कारखान्यात लावणं बंधनकारक होतं. तोही इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, मुख्य दरवाजाजवळ, सहज दिसेल असा.

पण नोटिशीत कायदा असायचा. टाकीत काय आहे ते नसायचं. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला मिथिल आयसोसायनेट वायू सुटला, तेव्हा त्याची किंमत मोजावी लागली. त्यानंतरच्या १९८७ च्या दुरुस्तीत प्रकरण ४अ आलं. कलम ४१ब मुळे धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही देणं मालकावर बंधनकारक झालं. कलम १११अ ने कामगाराला आरोग्य-सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क दिला.

आता तुमच्या कामाचं. केंद्रीय कायदे सरकारच्या 'इंडिया कोड' संकेतस्थळावर मोफत आहेत. दुरुस्ती कधी झाली ते कलमाखालच्या तळटीपेत दिसतं. ती वाचायचा कंटाळा करू नका. मूळ अधिसूचना ई-राजपत्रात, न्यायनिर्णय 'इंडियन कानून'वर. नुसत्या अधिनियमावर थांबू नका, राज्याचे नियमही बघा. आपल्याकडे महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ आहेत.

आणि तारीख तपासा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीची २०२० ची संहिता लागू झाली आणि तिने १९४८ च्या कायद्याची जागा घेतली. पण तुम्ही २०१० चा अपघात अभ्यासत असाल, तर वाचायचा तो जुनाच कायदा, २०१० मध्ये होता तसा.

माझ्या अर्धवट पीडीएफमुळे माझा आठवडा गेला, एवढंच. तीच प्रत एखाद्या कामगाराने वाचली असती, तर टाकीत काय आहे हे विचारायचा आपल्याला हक्कच नाही, असं तो समजून बसला असता.