मोजमापातून सुटलेली माणसे

आपल्या चळवळीत इमारतींविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. माणसाला माणूस म्हणून उभे राहू दिले जात नव्हते, तेथे भिंतींची उंची आणि तुळयांची जाडी कोण मोजत बसणार, असा एक समज आपल्याही मनात घर करून आहे. हा समज मला चुकीचा वाटतो. का वाटतो हे सांगायचे तर विद्यार्थिदशेतल्या माझ्या एका फसलेल्या अभ्यासापासून सुरुवात केली पाहिजे.

मी मूळचा पेण तालुक्यातील हमरापूरचा. आज हे नाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते गणपतीच्या कारखान्यांमुळे. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात वर्षभर मूर्ती घडतात आणि घराला घर लागावे तशी शेडला शेड लागलेली आहे. माझ्या लहानपणी गाव एवढे गजबजलेले नव्हते. आमची वस्ती गावाच्या कडेला, खाडीच्या बाजूच्या खोलगट जागेत होती. ही ‘कडेला’ आणि ‘खोलगट’ अशी दोन विशेषणे मी वापरली, तीही मोजमापेच आहेत, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

१९८८ साली मी मुंबईत आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होतो. त्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने एका जुन्या इमारतीचा तांत्रिक अभ्यास करून लिहायचा असे. प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन, बांधकामाचे साहित्य, लाकडी सांधे, इमारतीची सद्यःस्थिती, आणि सुरुवातीला पानभर इतिहास. वर्गातल्या बहुतेकांनी वाडे किंवा देवळे घेतली. माझ्या मार्गदर्शकांनी मला सुचवले की, तू कोकणातला, तुमच्या भागात खोतांचे वाडे असतीलच, त्यातला एखादा घे. मी रोहा तालुक्यातला एक वाडा निवडला. निवडण्याचे कारण मी वर्गात सांगितले नाही. माझ्या आज्याचे आजोळ त्याच गावचे. त्याचे अर्धे बालपण तेथे गेले होते आणि त्या वाड्याच्या दुरुस्तीचे लाकूड त्याने डोक्यावरून वाहिले होते.

वाड्यातल्या लोकांनी मला अडवले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी चहा दिला. आडनाव विचारले, मी सांगितले, त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मोजा हो, सगळं मोजा. आता कुणाचं काय राहिलंय!” त्या मला ‘अहो’ म्हणत होत्या. माझ्या आज्याला त्याच अंगणात त्याच्या उतारवयापर्यंत पोरेटोरेही ‘अरे’ म्हणत.

टेप, ओळंबा, गुण्या आणि पाणी भरलेली प्लॅस्टिकची नळी एवढ्या साधनांवर चार दिवसांत मी वाडा कागदावर उतरवला. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते. ही पातळी धरून मी जमिनींच्या उंची घेतल्या. अंगणापासून ओटी दोन फूट तीन इंच वर. ओटीवरून माजघरात जाताना आणखी नऊ इंच. माजघरातून देवघरात आणखी सहा. जोते उंच का, याचे उत्तर पुस्तकात तयार असते. कोकणातला पाऊस, ओल, पुराचे पाणी. उत्तर खरे आहे. पण छपराखाली, जेथे पाऊस पोचतच नाही, तेथे पुन्हा पायरी का चढायची? ओटीवर कोण बसेल, माजघराच्या उंबऱ्याशी कोण थांबेल, देवघरात कोण जाईल, याची ती चढण होती. विषमतेची उतरंड आपण भाषणात म्हणतो. मी ती फूट-इंचांत मोजून आणली होती.

पूर्ण झालेला प्लॅन मी घरी आज्यापुढे ठेवला. त्याला वाचता येत नव्हते, पण नकाशा त्याने झटकन ओळखला. बोट फिरवत तो अंगणात आला आणि ओटीच्या पायरीपासून बऱ्याच अंतरावर, एका कोपऱ्याकडे थांबला. “हितं उभा ऱ्हायचो,” तो म्हणाला. त्याच्या बोटाखाली मी पेन्सिलीने लहान वर्तुळ काढले आणि नंतर शाईने त्याशेजारी लिहिले : ‘येथे महार उभा राही.’ पायरीपासूनचे अंतरही दिले. ड्रॉइंगच्या नियमाप्रमाणे अंतर द्यावे लागतेच.

कॉलेजात ते वर्तुळ लाल पेन्सिलीने खोडले गेले. माझे मार्गदर्शक वाईट गृहस्थ नव्हते, जातीयवादीही नव्हते. त्यांचे म्हणणे सरळ होते. हा तांत्रिक अभ्यास आहे. इमारतीला जेवढे आहे तेवढे दाखवा. अंगणात त्या जागी खांब नाही, पायरी नाही, कठडा नाही. मग तेथे खूण कसली? समाजशास्त्र लिहायचे असेल तर वेगळा कागद घ्या. मी वाद घातला नाही. गुण कमी पडले, आणि पुढच्या सत्रात ‘निर्वेध’ इमारत घेऊन अभ्यास पुन्हा सादर करा, असे सांगण्यात आले.

निर्वेध म्हणून मी लेणे घेतले. तेथे खोत नाही, सावकार नाही, कुणाचे देवघर नाही. कर्जत तालुक्यातले कोंडाणे. पेणहून एस.टी.ने खोपोली, तेथून लोकलने कर्जत आणि पुढे राजमाचीच्या पायथ्याकडे बरीचशी पायपीट. इसवी सनाच्या आधीचे हे बौद्ध लेणे. पावसाळ्यात त्याच्या दर्शनी भागावर वरच्या कड्यावरून धबधबाच कोसळतो. दोन हजार वर्षे पाण्याने खाऊन पुढचे खांब बहुतेक नाहीसे झाले आहेत.

फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात या चैत्याची मापे आहेत. पुढच्या खांबांच्या रेषेपासून मागच्या अर्धवर्तुळाच्या टोकापर्यंत साडेसहासष्ट फूट, रुंदी २६ फूट ८ इंच, कमानीच्या माथ्यापर्यंत उंची २८ फूट ५ इंच. माझी रुंदीची फीत त्यांच्या आकड्याशी जवळपास जुळली, तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. शंभर वर्षांपूर्वीचा परदेशी माणूस आणि हमरापूरच्या कडेचा एक पोरगा एकाच भिंतीला फीत लावून उभे होते.

लेणे बांधत नाहीत, ते काढतात. विटेवर वीट चढवताना चूक झाली तर वीट उतरवता येते. खडकातून एकदा निघालेला चिरा परत बसत नाही. म्हणून काम वरून खाली चालते. आधी छत, मग खांबांची डोकी, मग खांब, शेवटी जमीन. पाडाची गरज त्यामुळे कमी पडते, कारण न खोदलेला खडकच कारागिराच्या पायाखाली असतो. अजिंठ्याची अपुरी राहिलेली लेणी पाहिली की हा क्रम डोळ्यांनी दिसतो. आणि एवढे करून हे कारागीर दगडात लाकूड कोरत होते. तुळया, वासे, जाळ्या, सज्जे, सगळे सुतारकामाचे रूप. कोंडाण्याच्या विहाराचे छतही लाकडी तुळयांच्या नमुन्याचे आहे. म्हणजे दगड फोडणाऱ्याला सुताराचे काम ठाऊक होते, किंवा दोघे शेजारी राबत होते. घाट चढून गेले की कार्ले आहे. तेथल्या चैत्याचे दार एका सुताराने केल्याचा लेख आहे, त्याच्या आणि त्याच्या बापाच्या नावानिशी. कान्हेरीच्या चैत्याच्या लेखात दगडकाम करणाऱ्यांचा आणि दगड घासून गुळगुळीत करणाऱ्याचाही उल्लेख येतो.

कोंडाण्याला चैत्याच्या दर्शनी भागाशेजारी एका प्रचंड मूर्तीचे मस्तक तेवढे उरले आहे. त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे. ती मी कागदावर उतरवून घेतली आणि वाचून घ्यायला एका जाणत्या अभ्यासकाकडे नेली. अर्थ एवढाच : कण्ह याच्या अंतेवासीने, बलकाने, हे केले.

अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. विद्यार्थी. पश्चिम भारतातली लेणी दात्यांच्या नावांनी भरलेली आहेत आणि त्या नावांचे मोलही मोठेच आहे. आपल्याच जिल्ह्यात, राजपुरी खाडीवरच्या कुडे लेण्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, भिक्षुणी आहेत. एका लेण्याचे खांब तर कुटुंबातल्या मुलींच्या नावे दिलेले आहेत. पण ते सगळे देणारे. कोंडाण्याचा बलक देणारा नव्हे, करणारा आहे. आणि तो शिकाऊ आहे. त्याच्या गुरूने ते नाव खोडले नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. संस्कृत कोशांत ‘अंतेवासिन्’ या शब्दाचा आणखी एक अर्थ दिलेला असतो : गावाच्या शेवटी राहणारा, चांडाळ. जवळ राहणारा आणि कडेला राहणारा, एकाच शब्दात. यावरून बलकाची जात काढण्याचा उद्योग कोणी करू नये. लेखात त्याला आधार नाही, आणि आधार नसलेले अभिमान आपल्याला पुरेसे महागात पडले आहेत. मला फक्त शब्दाचा प्रवास लक्षात आणून द्यायचा आहे.

तो दुसरा अभ्यास चांगल्या गुणांनी पास झाला. बलकाची ओळ मी पहिल्याच पानावर घातली होती. ती कोणी खोडली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव इतिहास ठरते आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या वेठबिगाराची जागा समाजशास्त्र ठरते!

‘त्या जागी काहीच नाही, मग खूण कसली’ या प्रश्नाचे उत्तर मला पुढे कायद्याच्या ग्रंथालयात मिळाले. महाडच्या चवदार तळ्याचा खटला आपण सर्वांनी ऐकलेला असतो, पण निकालपत्र थोड्यांनी वाचलेले असते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, सवर्णांनी दावा लावला. महाडच्या न्यायालयात १९३१ साली, ठाण्याच्या अपिलात १९३३ साली आणि मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी सवर्ण हरले. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आपल्या निकालात तळ्याचे वर्णन एखाद्या सर्व्हेअरने करावे तसे करतात. तळे चार ते पाच एकरांचे आहे. पाणी मुख्यतः पावसाचे, थोडे झऱ्यांचे. चारही बाजूंना नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे, आणि आसपास अस्पृश्यांचे एकही घर नाही. काही घरमालकांच्या मालकीच्या पट्ट्या तळ्याच्या काठावर आहेत, घाटाच्या पायऱ्या आहेत.

‘आसपास अस्पृश्यांचे एकही घर नाही.’ जे तेथे नाही ते न्यायमूर्तींनी इमारतींच्या वर्णनात लिहिले. रस्ता कुणाचा, पट्टी कुणाची, पायरी कुणाची हे मोजल्यावाचून तळे सार्वजनिक की खाजगी हा प्रश्न सुटत नव्हता. अनादी काळापासूनचा रिवाज असल्याचा सवर्णांचा दावा होता, तो त्यांना सिद्ध करता आला नाही. सत्याग्रहात ओंजळ लागली, खटल्यात नकाशा लागला. बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी केल्या. आपण ओंजळीचा दिवस साजरा करतो, नकाशाचा विसरतो.

म्हणून आज जे विद्यार्थी आर्किटेक्चर, सिव्हिल, ड्राफ्ट्समनचे कोर्स करताहेत, आणि आता आपली मुले-मुली त्यात पुष्कळ आहेत, त्यांच्याशी आणि त्यांच्या शिक्षकांशी मला बोलायचे आहे. वाडा घ्या, देऊळ घ्या, काहीही घ्या. पण मोजताना घरातल्या माणसाबरोबरच घराबाहेर थांबणाऱ्यालाही विचारा. जोत्याचा दगड कोणत्या खाणीतला हे लिहिता, तर तो कोणी वाहिला हेही लिहा. विहिरीचा व्यास लिहिता, तर तिच्यापासून कोणाला किती लांब उभे राहावे लागे तेही लिहा. सातबारा काढा, सिटी सर्व्हेचा उतारा काढा. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, त्याआधी १९४९ च्या कायद्याने खोती गेली. ती कामे ज्यांनी केली ती पिढी जवळजवळ संपली आहे. त्यांच्या मुलांना ऐकून माहीत आहे, नातवंडांना तेही नाही. आणि परीक्षकाने खोडले तर खोडू द्या. कागद मात्र फाडू नका. माझा तो वाड्याचा प्लॅन लाल रेघेसकट माझ्याजवळ आहे. वाडा पडला, त्याची मोजणी केलेला तेवढा एकच कागद उरला आहे.

आमच्या स्वतःच्या घराचे मात्र मी ड्रॉइंग केले नव्हते. ते डोक्यातही आले नव्हते. कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले, आधी पेंढ्याचे आणि नंतर कौलांचे दोन खणांचे घर. त्याला कोणी इमारत म्हणत नाही. ते पाडून भावाने स्लॅब टाकला, तोपर्यंत आजा गेलेला होता. आजी होती. एका दुपारी मी तिला नव्या घरापुढच्या अंगणात बसवले आणि जुने घर आखायला सांगितले. तिने काठीने रेघा ओढल्या. मापे हातांत सांगितली. चूल इथे, रांजण इथे, उखळ दाराशी, बाळंतिणीची बाज या कुडाला. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी कुठल्या दाराने आत शिरे आणि पोरांना कुठल्या आढ्याला झोळी बांधून टांगत, तेही दाखवले. मी कागदावर उतरवत गेलो. शेवटी सेक्शनसाठी विचारले, “आये, जोतं किती उंच होतं?”

तिने जमिनीवर उभी वीत धरली. मग थोडा विचार केला आणि बोटे जरा मिटून घेतली.