माळवद गेलं, पत्रा आला : कोंबडीच्या उन्हाळ्याची हकीकत

पारा ४३ च्या वर गेल्यापासून रोज कोणीतरी विचारतंय, कोंबड्या दुपारी पटापट मरतेत, औषध कोणतं द्यावं? औषधाआधी थोडं जुनं सांगतो. माझ्या मते या मरणाचं निम्मं कारण आपल्या छपरात आहे.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच ४१ अंशाच्या पुढं तापलेलं असतं. ऊन वाढलं की ती चोच उघडून धापते, पंख अंगापासून सोडते, तुऱ्यातून नि गळ्याखालच्या लोंबत्या कातडीतून उष्णता बाहेर टाकते. फार धापली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळं अंड्याचं कवच पातळ पडतं. उन्हाळ्यात अंडी हातात फुटतेत ती यामुळं.

हा पक्षी मुळात उन्हाचा नाहीच. लाल रानकोंबडा बांबूच्या बेटात, झाडीत राहणारा. २०२२ साली हाडांचा जो अभ्यास आला, त्यात पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी खात्रीची हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली निघाली, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. भाताच्या दाण्यामागं ती माणसाजवळ आली असं त्या लोकांचं म्हणणं. आपल्या कोंबडीचे पिवळे पाय मात्र राखाडी रानकोंबड्याकडून आलेत. तो आपल्या दक्षिणेचा, सह्याद्रीत आजही आरवतो. दोघंही भर दुपारी सावली सोडत नाहीत.

मग आमच्या बोरीसारख्या उघड्या, काळ्या रानातल्या गावात ती शेकडो वर्षं जगली कशी? घरामुळं. जुनं माळवदाचं घर आठवा. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, लाकडाच्या तुळया, त्यावर किलच्या, पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन तो थर ओलांडून आत येईपर्यंत दिवस मावळायचा. गरम हवा वरच्या साण्यातून निघून जायची. ढेलजेत सारवलेली जमीन. रांजणाखालची वाळू कायम ओली, तिथं कोंबड्या पोट टेकून, पंख पसरून पडायच्या. अंड्यांचं टोपलंही त्याच कोपऱ्यात, कारण तापल्या घरात अंड्यातला जीव आईच्या उबेआधीच अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. न्हाणीचं पाणी मागं परसात जायचं, तिथला चिखल उकरायला मोकळा. रात्री डालगं नाहीतर कडुनिंबाची फांदी. कोंबड्यांसाठी म्हणून यातलं काहीच कोणी केलेलं नव्हतं, म्हणून ते गेलं तेव्हाही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरणार नाही. गणपती विसर्जनाची रात्र, लोक दमून झोपलेले, आणि किल्लारीचा भूकंप. सरकारी आकड्यानं जवळपास आठ हजार माणसं गेली, बरीचशी दगडाच्या भिंती नि माळवदाच्या मातीखाली. त्यानंतर डोक्यावर माती नको असं माणसाला वाटणं साहजिक होतं. तशी लाकूड महाग, दरवर्षीची डागडुजी, पावसाळ्यातली गळती, म्हणून माळवदं आधीपासून उतरतच होती. भूकंपानं घाई झाली. कोणी स्लॅब टाकला, ज्याला परवडलं नाही त्यानं पत्रे.

हा नालीदार पत्रा १८२९ सालचा. लंडनच्या गोदीतला इंजिनिअर हेन्री पामर यानं त्याचं पेटंट घेतलं. कल्पना गोदामाची होती, थंड मुलखातली. त्याच्याखाली आमचं खुराडं आलं. वीतभर उंचावर तापला पत्रा नि खाली दहा कोंबड्या. माणूस उठून लिंबाखाली जातो, कोंडलेली कोंबडी कुठं जाईल? नळ आला, रांजण गेला. शोषखड्डे झाले, डास कमी झाले, ते चांगलंच; पण परसातली ओल गेली.

पक्षीही बदलला. आपली झुंजीची असील एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला गेली. कॉर्नवॉलमध्ये इतर जातींशी संकर होऊन जी कोंबडी झाली तिला तिथं ‘इंडियन गेम’च म्हणत, पुढं ती कॉर्निश. १९४८ साली, म्हणजे आमच्याकडं पोलीस ॲक्शन झालं त्याच वर्षी, अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ अशी स्पर्धा झाली आणि कॉर्निशचा संकर जिंकला. आजच्या ब्रॉयलरची वाट तिथून. असीलचं रक्त असं जगभर फिरून परत आलं ते सहा आठवड्यांत दोन किलो होणारं, पण मे महिना न सोसणारं. परसासाठी म्हणून बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं गिरिराज, हैदराबादच्या केंद्रानं वनराज काढली. चांगल्या आहेत, अंडी जास्त देतेत. पण अंगानं जड, त्यामुळं गावठीपेक्षा आधी धापतेत. गावठीतली उघड्या मानेची, जिला पोरं हसतात, ती उन्हाला सगळ्यात चिवट. पिसं कमी, उष्णता लवकर बाहेर.

घरात अंड्याचा पैसा बाईच्या हातातला असतो. मिरची-मीठ, पोराची वही त्यातूनच. एका दुपारी सहा कोंबड्या गेल्या की तिचा तो पैसा गेला, आणि त्याचा पंचनामा होत नाही.

आता करायचं ते एवढंच. पत्र्यावर चुना मारा, वर तुराट्या नाहीतर कडबा जाड अंथरा. खुराडं दिवसा उघडं ठेवा. खापराच्या भांड्यात पाणी, सावलीत, दोन-तीन जागी. एका कोपऱ्यात ओली वाळू. दाणा पहाटे नि दिवस मावळल्यावर. दुपारी नको, पचवताना अंग आणखी तापतं. धापून पडलेलीचे पाय आणि पोट साध्या पाण्यात बुडवा, बर्फाच्या नाही.

बाजूला भिजवलेलं तरट आमच्या कोरड्या हवेत मस्त चालतं. मृगाच्या तोंडावर ढग येऊन कुबट व्हायला लागलं की मात्र ते काढून टाका. तेव्हा ओलीपेक्षा वारा लागतो.