कत्तनारांच्या बायकांचं काय झालं?

"फादरांनी लग्न करायचं नाही, हे येशूनेच ठरवून दिलंय." विषय निघाला की कोणीतरी हे ठासून सांगतंच. म्हणून थोडा इतिहास लिहितोय.

ज्या पेत्राला आपण पहिला पोप मानतो, त्याच्या सासूचा ताप येशूने घालवला, असं शुभवर्तमानात आहे. सासू होती म्हणजे लग्न झालेलं होतंच! पश्चिमेकडच्या लॅटिन परंपरेत ब्रह्मचर्याचा आग्रह चौथ्या शतकापासून दिसतो. पण धर्मगुरूचं लग्न मुळातच रद्दबातल, हे पक्कं झालं ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांत मात्र विवाहित पुरुषाला दीक्षा देण्याची रीत चालूच राहिली.

आता आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. केरळातल्या सेंट थॉमस ख्रिस्ती समाजाचे धर्मगुरू म्हणजे कत्तनार. हे लोक संसारी असत आणि त्यांच्या बायकांना देवळात, समाजात मान असे. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस तिकडे गेले. जूनमध्ये उदयंपेरूरला त्यांनी धर्मसभा भरवली. ठराव झाला, यापुढे धर्मगुरूंनी लग्न करायचं नाही. ज्यांचं झालंय त्यांनी बायकोपासून वेगळं व्हायचं, नाहीतर धर्मसेवा बंद.

पूर्वापार चाललेली रीत आठवड्याभरात गुन्हा ठरली. शिक्षा कोणाला? ज्या बायकांचं मत कोणी विचारलंच नाही त्यांनाही.

१६५३ मध्ये मट्टांचेरीला कूनन क्रूसाची शपथ झाली आणि समाज फुटला. मुख्य राग जेझुइटांच्या सत्तेवर होता, पण जुन्या चालीरीती मोडल्याची सलही होतीच. आज केरळात सिरो-मलबार कॅथलिक फादर अविवाहित, तर ऑर्थोडॉक्स अच्चन बायकामुलांसह राहतात. दोघेही वारसा सांगतात तो संत थॉमसचाच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये म्हटलंय की, धर्मगुरुपदाच्या स्वरूपातच ब्रह्मचर्य अनिवार्य आहे असं नाही. म्हणजे ही शिस्त आहे, श्रद्धेचं कलम नव्हे.

ब्रह्मचर्य पाळून लोकांसाठी आयुष्य झिजवणाऱ्या फादरांबद्दल मला आदरच आहे. नियम ठेवावा की बदलावा, यावर खुशाल वाद घाला. फक्त माणसांनी केलेला नियम येशूच्या तोंडी घालू नका. आणि त्या कत्तनारांच्या बायकांनाही विसरू नका.