दोन्ही टोके सारखी

फ्रीस्टाइल शिकायचे म्हणून पहिला स्नोबोर्ड घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानात चार सल्ले हमखास मिळतात. बोर्ड उभा धरला तर हनुवटीपर्यंत यावा, जरा मऊ असावा, मधला भाग बर्फाला टेकलेला असावा म्हणजे कड अडकणार नाही, आणि पुढचे-मागचे टोक अगदी सारखे असावे. हे सगळे एका दमात आणि एकाच वजनाने सांगितले जाते. पण हे निकष एका तोलाचे नाहीत. गेल्या पन्नास-साठ वर्षांत हा बोर्ड कसा घडत गेला ते पाहिले, की यातल्या काही गोष्टी दर दहा वर्षांनी उलटसुलट झालेल्या दिसतात. लांबी घटली, पुन्हा वाढली. मऊपणा आला, गेला. बोर्डाची मधली कमान नको झाली, परत हवीशी झाली. टोकांच्या सारखेपणाचे तसे झाले नाही. 1990च्या आसपास तो फ्रीस्टाइलच्या बोर्डात रुजला, तो आजतागायत हललेला नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की शिकणाऱ्याने याच एका गोष्टीवर अडून बसावे, आणि जे फॅशनबरोबर झुलत आले आहे त्यावर फार डोके शिणवू नये.

सुरुवातीला या सारखेपणाची कोणाला गरजच नव्हती. 1965च्या नाताळात अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन यांनी मुलीसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक खेळणे केले. पत्नी नॅन्सी यांनी त्याला ‘स्नर्फर’ हे नाव दिले, ब्रन्सविक कंपनीने ते बाजारात आणले आणि पुढच्या काळात ते लाखोंनी खपले. या फळीवर पाय बांधायची सोय नव्हती. पुढच्या टोकाला दोरी होती, ती हातात घट्ट धरायची आणि तोल सांभाळत खाली यायचे. दोरी पुढच्या टोकाला म्हटल्यावर पुढे कोण आणि मागे कोण हा प्रश्न तिथेच मिटला. युटामध्ये दिमित्री मिलोविच यांनी ‘विंटरस्टिक’ नावाने जे बोर्ड केले ते खोल, भुसभुशीत बर्फासाठी होते, आणि त्यांचे मागचे टोक पाकोळीच्या शेपटीसारखे दुभंगलेले असे. त्यामागे चोख विचार होता. मऊ बर्फात मागची बाजू थोडी बुडावी लागते, तेव्हा पुढची बाजू कोकणातल्या होडीच्या नाळेसारखी वर राहते. जेक बर्टन कार्पेंटर यांनी 1977 साली व्हरमाँटमधल्या लंडनडेरीत बोर्ड करायला घेतले. पाय बोर्डाला बांधून ठेवणारे बाइंडिंग हा त्यांचा मोठा ध्यास. 1979च्या मिशिगनमधल्या स्नर्फर स्पर्धेत ते स्वतःचा बाइंडिंगवाला बोर्ड घेऊन उतरले, तेव्हा हा स्नर्फर नव्हेच अशी हरकत निघाली आणि त्यांच्यासाठी वेगळा खुला गट करावा लागला. वाद झाला तो पायांवरून. दिशेबद्दल सगळ्यांचे एकमत होते. उतार वरून खाली जातो, माणूसही तसाच जाणार.

हे एकमत मोडले ते कॅलिफोर्नियात, आणि मोडणारे लोक स्केटबोर्डवर वाढलेले होते. टॉम सिम्स स्वतः स्केटबोर्डचा विजेता आणि उत्पादक होता. 1963 साली न्यू जर्सीतल्या शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात त्याने बर्फावर चालणारी एक फळी केली होती. त्याच्या भोवतालच्या मुलांना डोंगर उतरण्यापेक्षा भिंत चढण्यात जास्त रस होता. 1979च्या सुमारास टाहो सिटीच्या कचरा डेपोजवळ त्यांना एक नैसर्गिक घळ सापडली. दोन्ही बाजूंना बर्फाच्या उभट कडा, मधून सखल वाट. टेरी किडवेल आणि त्याचे मित्र फावड्यांनी त्या कडा घडवत आणि दिवसभर तिथेच खेळत राहत. स्केटबोर्डच्या मासिकांचे छायाचित्रकार तिथवर पोहोचले, आणि हाफपाइप नावाची गोष्ट बर्फावर आली.

या घळीत बोर्डाचे काय होते ते नीट पाहण्यासारखे आहे. रायडर भिंतीवर चढतो, वर वेग संपतो. तिथे तो हवेत वळला तर पुढचे टोक पुढे ठेवूनच खाली येतो. वळला नाही, किंवा वळणे अर्धे राहिले, तर मागचे टोक पुढे होऊन तो उलटा घसरू लागतो. आता त्या मागच्या टोकावर सगळा भार आहे, आणि ते सपाट, चौकोनी किंवा दुभंगलेले आहे. ते बर्फात घुसते आणि माणूस आदळतो. म्हणजे टोक का उचलायचे याचे उत्तर त्या भिंतीनेच दिले. 1980च्या दशकाच्या मध्यात सिम्सने किडवेलच्या नावाने जो बोर्ड काढला त्याचे मागचे टोक गोल आणि वर वळवलेले होते. फ्रीस्टाइलसाठी म्हणून घडवलेला पहिला बोर्ड तोच, असे सामान्यतः मानले जाते. तो अजून पूर्ण सारखा नव्हता. मागचे टोक पुढच्यापेक्षा ठेंगणे होते आणि पायांची जागा मागे सरकलेली होती. उलटे जाणे आता शक्य झाले होते, पण अजून तो अपघातातून सावरण्याचाच मार्ग होता.

त्या वेळी या खेळाचे मालक कोण, हेच ठरलेले नव्हते. सिम्सने 1983 साली कॅलिफोर्नियातल्या सोडा स्प्रिंग्ज इथे जागतिक स्पर्धा भरवली आणि तीत हाफपाइप ठेवली. पूर्वेकडून आलेल्या बर्टनच्या चमूने त्यावर हरकत घेतली. पाइपचा स्नोबोर्डिंगशी काय संबंध, असा त्यांचा सवाल होता. आज हा सवाल विचित्र वाटेल, पण त्या काळी त्याला आधार होता. बहुतेक स्की रिसॉर्ट स्नोबोर्डवाल्यांना लिफ्टवर घेतच नसत. व्हरमाँटमधल्या स्ट्रॅटनने त्याच वर्षी दार उघडले, आणि अनेक ठिकाणी रायडरला आधी वळणे आणि थांबणे येते का याची चाचणी द्यावी लागे. स्कीवाल्यांना समजणारी भाषा शर्यतीची होती. घड्याळ, फाटके, उताराची रेषा. ती भाषा बोलणाऱ्याला मान्यता लवकर मिळाली असती. शर्यतीच्या बोर्डाला दिशा लागते. तो लांब, ताठ, मागे सपाट टोकाचा, आणि दोन्ही पाय पुढच्या बाजूला वळवून बांधलेला असतो. स्पर्धा, पैसा आणि रिसॉर्टची मर्जी त्याच्या बाजूला असताना सारख्या टोकांचा बोर्ड जिंकला, याला मी महत्त्व देतो. बाजाराने वरून काही लादले असते तर शर्यतीचाच बोर्ड लादला गेला असता.

1980च्या दशकाच्या उत्तरार्धात चक बारफूटच्या कंपनीने कॅनडातल्या रायडरांच्या सोबतीने पुढची-मागची टोके एकसारखी असलेला बोर्ड काढला. याला ट्विन म्हणतात. पायांची जागा बरोबर मध्यावर, कडेचा आतला बाक मध्यापासून दोन्हीकडे सारखा, लवचीकपणाही तसाच. थोड्याच काळात स्केटबोर्डमध्येही हेच घडले. 1990च्या आसपास एक टोक रुंद आणि एक अरुंद असलेल्या जुन्या फळ्या जाऊन दोन्हीकडे वर वळलेली, जवळजवळ सारखी फळी आली, कारण रस्त्यावर स्केट करणारी मुले प्रत्येक उडी दोन्ही बाजूंनी मारू लागली होती. उलटे जाणे आता सावरण्याचा मार्ग राहिले नाही. ती स्वतंत्र विद्या झाली. सोची इथे 2014 साली स्लोपस्टाइल, म्हणजे रेलिंग आणि उड्यांच्या उतारावरची स्पर्धा, ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा उलट्या दिशेने उडी घेणे आणि उलट्या दिशेला उतरणे हा गुणांचा भाग होता.

शिकणाऱ्याला याचा उपयोग पहिल्याच दिवसापासून होतो. अर्धा फेरा, म्हणजे 180 अंशांची उडी, ही फ्रीस्टाइलची पहिली पायरी. ती घेतली की तुम्ही उलटे उतरता, दुसरा मार्गच नाही. बोर्ड दिशेचा असेल तर त्या क्षणी पायाखालचे वाहन बदलते. आता पुढे आलेले टोक आखूड आणि ताठ, भार पुढे झुकलेला, कडेचा बाक अनोळखी. जे शरीराला अजून नीट आलेले नाही तेच त्याला दोन वेगवेगळ्या साधनांवर शिकावे लागते. ट्विनवर निदान साधन तरी तेच राहते, आणि अवघड असते ते फक्त स्वतःच्या अंगाचे उलटे होणे. दुकानात हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. बाइंडिंगच्या भोकांचा मध्य शोधावा, तिथून दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. फरक दोन सेंटिमीटर निघाला तर तो बोर्ड ‘डिरेक्शनल ट्विन’ या जातीचा असण्याची शक्यता मोठी. दिसायला सारखा, पण पाय मागे सरकवलेला. टोके समान निघाली तरी एकेका टोकावर हाताने दाब देऊन पाहावे, कारण काही बोर्डांची मागची बाजू मुद्दाम ताठ ठेवलेली असते.

आता झुलणाऱ्या गोष्टींकडे येऊ. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या पिढीने लांबी इतकी घटवली, पाय इतके फाकवून बांधले आणि बाइंडिंगचा घोट्यामागचा आधार इतका कापला, की बोर्ड रेलिंगवर छान फिरे आणि जरा वेगात थरथरू लागे. मग पाइप वाढली. कोलोरॅडोत डग वॉ यांनी शेतीच्या यंत्रांच्या धर्तीवर ‘पाइप ड्रॅगन’ हे भिंत कापणारे यंत्र बनवले, फावड्यांचा जमाना गेला, आणि पुढे 22 फूट उंचीच्या भिंती प्रमाण झाल्या. इतक्या उंचीवरून मऊ, आखूड बोर्डावर उतरता येत नाही, म्हणून ताठपणा आणि लांबी परत आली. 2006-07च्या सुमारास लिब टेक कंपनीने ‘स्केट बनाना’ हा बोर्ड आणला. आधीचे बोर्ड मधोमध उचललेले असत, जमिनीवर ठेवले तर खालून कागद सरकवता येई. हा मात्र दोन पायांमध्ये खाली वाकलेला होता. कड अडकणे कमी झाले आणि शिकणाऱ्यांना दिलासा मिळाला. काही वर्षे जुनी कमान कालबाह्य ठरल्यासारखी वाटली. पण उडीसाठी लागणारी उसळी आणि कडक बर्फावरची पकड कमानच देते, म्हणून ती परतली, आणि आज बहुतेक कंपन्या दोन्हींचे मिश्रण विकतात. या सगळ्या उलथापालथीत टोके मात्र सारखीच राहिली.

यावर पहिला आक्षेप असा, की थोर फ्रीस्टाइल ट्विनशिवायही झाले. किडवेलने ते केले. क्रेग केलीने दिशेच्या बोर्डांवर पाइप जिंकल्या, आणि आजही काही पाइप रायडर पाय किंचित मागे ठेवतात. हे खरेच आहे. पण केली चार वेळा जागतिक विजेता होता. बोर्डाची उणीव त्याचे घोटे भरून काढत. तयार माणूस साधनाच्या उणिवेवर मात करतो म्हणून तेच साधन शिकाऊला द्यावे, हे मला पटत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आधी साधा, सर्व प्रकारच्या उतारांचा बोर्ड घेऊन वळायला शिका, फ्रीस्टाइल नंतर, असे अनेक शिक्षक सांगतात. वळायला आधी शिकावे हे मान्य. पण ट्विनवर वळता येत नाही असे नाही. दाबून तयार केलेल्या उतारावर तो तितकाच चांगला वळतो. मागे पडतो तो खोल भुसभुशीत बर्फात. ज्याला मुख्यतः तोच बर्फ मिळणार आहे, त्याने जरूर दिशेचा बोर्ड घ्यावा, आणि मग आपण फ्रीस्टाइल शिकत नाही हेही स्वीकारावे.

तिसरा आक्षेप सारखेपणाच्या तत्त्वावरच आहे. माणसाचे शरीर सारखे कुठे असते? बोटांच्या बाजूला झुकणे सोपे, टाचेच्या बाजूला अवघड. शर्यतवाल्यांनी 1990च्या सुमारास यावर दोन्ही कडा वेगवेगळ्या आकाराच्या असलेले बोर्ड केले होते. ते विरले, कारण डावा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी एक आणि उजवा ठेवणाऱ्यासाठी दुसरा बोर्ड करावा लागे, आणि त्यावर उलटे जाणे जवळजवळ अशक्य होते. 2010च्या दशकात जीएनयू आणि इतर कंपन्यांनी हीच कल्पना नव्याने आणली. टाचेकडच्या कडेचा बाक वेगळा, पण पुढचे-मागचे टोक एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब. शरीराचे म्हणणे ऐकले, आणि उलटे जाण्याची मोकळीक राखली.

लांबीचा प्रश्न उरतो. हनुवटीचा नियम सोयीचा असला तरी बोर्डाला उंची कळत नाही, त्याला वजन कळते. 55 किलोच्या उंच माणसाला आणि 85 किलोच्या ठेंगण्याला एकच लांबी देणे चुकीचे. कंपनीच्या वजनाच्या तक्त्यात आपला आकडा मधोमध पडावा. काठावर पडला तर फ्रीस्टाइलसाठी आखूड बाजू धरावी. दुसरे माप बुटाचे. कमरेपाशी, म्हणजे मधल्या भागात, बोर्ड अरुंद असेल तर बूट कडेबाहेर डोकावतात आणि वळताना बर्फावर घासतात, फार रुंद असेल तर कड बदलायलाच उशीर लागतो. हे भौतिक सत्य सगळ्यात उशिरा मान्य झाले, आणि ते मान्य करायला लावले स्त्रियांनी. कितीतरी वर्षे त्या पुरुषांच्या वजनासाठी आणि पुरुषांच्या बुटांसाठी केलेले ताठ, रुंद बोर्ड चालवत होत्या आणि जे जमत नसे ते त्यांच्या कौशल्याच्या नावावर मांडले जाई. 1990च्या दशकाच्या मध्यात सिम्सने टीना बेसिक आणि शॅनन डन यांच्या नावाचे बोर्ड काढले. स्त्री रायडरच्या नावाने निघालेल्या अगदी पहिल्या बोर्डांपैकी ते होते. 1998 साली नागानोत हाफपाइप पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हा डनने तीत कांस्यपदक मिळवले.