मोबाइल ब्रॉडबँडचे साठवलेले पासवर्ड, लिनक्सवरील

डोंगल किंवा संगणकातच बसवलेल्या मोडेममधून इंटरनेट जोडण्यासाठी लागणारे एपीएन (मोबाइल नेटवर्कच्या प्रवेशबिंदूचे नाव), युजरनेम, पासवर्ड व सिमचा पिन हे तपशील लिनक्सवर साठवून ठेवता येतात. पासवर्ड वारंवार विचारला जाणे, किंवा न विचारताच जोडणी तुटणे, या त्यासंबंधीच्या नेहमीच्या तक्रारी होत.

घटक : उबुंटू, फेडोरा, डेबियन यांच्या डेस्कटॉपवर जोडण्या सहसा नेटवर्कमॅनेजर सांभाळतो, रेड हॅटने तो २००४ मध्ये सुरू केला. मोडेमशी बोलण्याचे काम मोडेममॅनेजरचे. जोडणीची फाइल 'इटीसी'मधील नेटवर्कमॅनेजरच्या 'सिस्टीम-कनेक्शन्स' फोल्डरात सहसा असते. तिची मालकी रूटकडे (प्रशासक खात्याकडे) व परवानगी ६०० असावी लागते. इतरांना वाचता येणारी फाइल नेटवर्कमॅनेजर विचारातच घेत नाही. बॅकअपमधून फाइल परत आणल्यावर जोडणी दिसेनाशी झाली, तर आधी हे पाहावे.

पासवर्ड कुठे आहे : हे 'पासवर्ड-फ्लॅग्ज' या नोंदीवरून कळते. ० म्हणजे पासवर्ड त्याच फाइलमध्ये. १ म्हणजे वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्डांच्या कुलूपबंद साठ्यात (केडीई डेस्कटॉपवर केवॉलेटमध्ये). २ म्हणजे दर वेळी विचारावा. ४ म्हणजे गरजच नाही. १ असताना लॉगिनपूर्वी जोडणी होत नाही, कारण पासवर्ड देणारा प्रोग्राम तेव्हा सुरूच झालेला नसतो. ऑटो-लॉगिन असल्यास कीरिंग कुलूपबंद राहते. अॅडमिनने लॉगिनचा पासवर्ड परस्पर बदलला, तरी कीरिंगला जुनाच लागतो.

निवारण : 'एनएमसीएलआय' या आज्ञेने जोडणीचे तपशील पाहावेत; गुप्त नोंदी एरवी झाकलेल्या असतात, 'शो-सीक्रेट्स' हा पर्याय दिल्यावरच दिसतात. संगणक एकट्याच्या वापरातला असेल तर फ्लॅग ० करून पासवर्ड फाइलमध्ये ठेवणे सोयीचे; मात्र तो तेथे साध्या अक्षरांत राहतो, रूटला वाचता येतो. कीरिंगची फाइल पुसणे हा शेवटचा उपाय, कारण तिच्यातले इतर सगळे पासवर्डही जातात. भारतात जिओचे 'जिओनेट', बीएसएनएलचे 'बीएसएनएलनेट' अशा एपीएनसाठी युजरनेम-पासवर्ड बहुधा रिकामे चालतात. जोडणी होत नसेल तर पासवर्डपूर्वी एपीएनची अक्षरे तपासावीत.

पिन : हा एपीएनच्या पासवर्डहून वेगळा असून खुद्द सिमच त्याची शहानिशा करते. साठवलेला पिन चुकीचा असेल तर नेटवर्कमॅनेजर तोच पाठवतो आणि एक संधी वाया जाते. म्हणून सिम बदलल्यावर जुना पिन आधी काढून टाकावा. उरलेल्या संधी 'एमएमसीएलआय' ही आज्ञा दाखवते. सामान्यतः पिन तीनदा चुकला की पीयूके (पिन उघडण्याचा कोड) मागितला जातो. तो दहा वेळा चुकल्यास सिम कायमचे बाद होते व कंपनीकडून नवे घ्यावे लागते.