मंत्रचळ आणि अळंबी

गेल्या शनिवारी घराबाहेर पडलो, लिफ्टपर्यंत गेलो आणि परत आलो. कुलूप ओढून बघितलं. पुन्हा लिफ्ट, पुन्हा परत. बायको म्हणाली, "अरे, तिसऱ्यांदा!" माझं एवढ्यावर भागतं. माझा आत्येभाऊ मात्र रोज तीन-चार तास हात धुवायचा, कातडी सोलवटेपर्यंत. हात स्वच्छ आहेत हे त्याला कळायचं, तरी थांबता यायचं नाही. आपल्या धंद्याच्या भाषेत इन्फिनिट लूप. मराठीत छान शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर लोक ओसीडी म्हणतात.

म्हणूनच परवा कॅन्टीनमध्ये टीममधला एक पोरगा म्हणाला, "मॅजिक मशरूमने ओसीडी जाते, रिसर्च झालाय," तेव्हा विकांत त्यातच घालवला.

गोष्ट सुरू होते स्वित्झर्लंडमधल्या बासल गावात. सँडोझ कंपनीतल्या अल्बर्ट हॉफमनने 1938 साली एल.एस.डी. बनवलं. त्याचा परिणाम कळायला 1943 उजाडलं (ती प्रसिद्ध सायकलवारी!). 1958 मध्ये त्यानेच मेक्सिकोतल्या अळंब्यांमधून सिलोसायबिन वेगळं काढलं. सँडोझ ही द्रव्यं मानसोपचारतज्ज्ञांना पुरवत असे. मग साठच्या दशकात ती दवाखान्यातून रस्त्यावर आली, 1965 ला सँडोझने पुरवठा थांबवला आणि 1970 च्या अमेरिकन कायद्याने दार जवळजवळ बंदच केलं.

गंमत म्हणजे मंत्रचळावरचं पहिलं खात्रीचं औषध, क्लोमिप्रामिन, हेही बासलचंच. गायगी कंपनीचं. ते सेरोटोनिनवर काम करतं. सिलोसायबिनही मेंदूतल्या सेरोटोनिनच्याच एका रिसेप्टरला चिकटतं. पुढे 1996 मध्ये सँडोझ आणि सिबा-गायगी एक होऊन नोव्हार्टिस झाली. म्हणजे दोन्ही भाऊबंद शेवटी एकाच घरात. असो.

मधल्या काळात तुरळक नोंदी येत राहिल्या. 1977 साली दोन डॅनिश डॉक्टरांनी एका गंभीर रुग्णाची केस छापली: वर्षाहून जास्त काळ दर आठवड्याला एल.एस.डी., आणि माणूस बरा. पण एक केस म्हणजे काय? "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणण्यासारखंच.

खरी चाचणी झाली अॅरिझोना विद्यापीठात. फ्रान्सिस्को मोरेनो आणि सहकाऱ्यांनी ती 2006 साली छापली. नेहमीच्या औषधाने बरे न झालेले नऊ रुग्ण, एकूण 29 डोस, तेही रुग्णालयाच्या देखरेखीखाली. किलोमागे 100, 200 आणि 300 मायक्रोग्रॅम असे चढत्या क्रमाने, आणि मध्येच कधीतरी, रुग्णाला न सांगता, अगदी नगण्य असा 25 चा. सगळ्या नऊ जणांची लक्षणं निदान एका सत्रात तरी कमी झाली, 23 पासून 100 टक्क्यांपर्यंत. कॅन्टीनमधल्या पोराने वाचलं ते इथवरच!

पण पुढची ओळ महत्त्वाची. डोसमुळे फरक पडला नाही. 25 वालाही मोठ्या डोसच्या जवळपास तेवढाच लागू पडला. आता याचा अर्थ काय लावायचा? एक तर इतकंसं द्रव्यही पुरतं, भास होण्याची गरजच नाही. किंवा गुण आला तो आशेचा आणि प्रेमाने विचारपूस करणाऱ्या माणसांचा. खरा प्लासिबो गटच नव्हता, त्यामुळे निवाडा करता येत नाही. मला स्वतःला दुसरी शक्यता जास्त पटते, पण निव्वळ आशेने 100 टक्के? तिथे मीही अडखळतो. पुढे येल विद्यापीठाने तुलनेसाठी नायसिन देऊन चाचणी हाती घेतली, ती याच कोड्यासाठी.

आणि हो, आपल्याकडे हे द्रव्य 1985 च्या एनडीपीएस कायद्यात येतं. घरी प्रयोग करणाऱ्याला ना डॉक्टर, ना मोजून दिलेला डोस, वर पोलीस.

आत्येभाऊ गोळ्यांवर आणि एका कंटाळवाण्या सरावावर सावरला: चपलेला हात लावायचा आणि हात न धुता बसून राहायचं. हा उपाय व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये 1966 साली मांडला, नेमका सँडोझने हात झटकल्यानंतरच्या वर्षी. काल त्याला फोनवर अळंबीची सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "दादा, तेव्हा कोणी दिली असती ना, तर न विचारता खाल्ली असती."