दुसरी दांडी

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. यावेळी कारण प्रोजेक्टची डेडलाईन नव्हती. कारण होतं एक सायकल.

तिकोणा पेठ हे माझं आजोळ. ट्रेकवाल्यांना वेगळं सांगायला नको, पवना धरणाजवळ, तिकोणा उर्फ वितंडगडाच्या पायथ्याचं गाव. तिथे मामाच्या गोठ्याच्या माळ्यावर आजोबांची हर्क्युलस कित्येक वर्षं पडून होती. टायर गेलेले, सीटच्या स्प्रिंगा गंजलेल्या, मडगार्डला भोकं. पण फ्रेम टणाटण! म्हटलं, चला, हिला पुन्हा रस्त्यावर आणू. आणि आणतोच आहोत तर गिअरही बसवू, कारण मावळातले चढ आजोबांच्या पायांना जमले, हिंजवडीतल्या खुर्चीवर बसणाऱ्या पायांना जमत नाहीत.

इंजिनिअर माणूस म्हटल्यावर आधी एक्सेल शीट झाली. मागच्या चाकाची जागा ११० मिलिमीटरच्या आसपास, आजकालच्या डिरेलर गिअरच्या हबला १३० ते १३५ लागतात, तेव्हा फ्रेम फाकवायची. ॲल्युमिनियमला हे चालत नाही, तडा जातो. पोलाद मात्र थोडं वाकवलं तर वाकतं आणि तसंच राहतं. मग डिरेलर टांगायला एक कान वेल्ड करायचा. सळ्यांचे ब्रेक काढून वायरचे लावायचे, त्यासाठी पुढच्या चिमट्याला भोक पाडायचं. शेवटचा मुद्दा: वरच्या दांडीच्या खाली चार बोटांवर आणखी एक दांडी जोडलेली होती, ती कापून टाकायची. वजन कमी आणि सायकल ‘ओरिजिनल’!

आता हे ओरिजिनल म्हणजे नक्की काय, हे बघायला म्हणून थोडा इतिहास चाळला आणि तिथेच फसलो.

आपण जिला साधी सायकल म्हणतो तिचा मूळ आराखडा १८८५ चा. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांच्या रोव्हर सायकलीला दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन होती. पुढच्या काही वर्षांतच फ्रेमचा तो चौकट आकार पक्का झाला. हर्क्युलस कंपनी १९१० मध्ये बर्मिंगहॅमला सुरू झाली. हिंदुस्थानात या सायकली आधी बोटीने यायच्या. मग १९३९ मध्ये मुंबईत हिंद सायकल्स आली. १९४९ मध्ये इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर मद्रासची टीआय सायकल्स स्थापन झाली आणि हर्क्युलस इथे बनू लागली. आसनसोलला सेन-रॅले, १९५१ ला सोनीपतची ॲटलस, १९५६ ला लुधियानाची हिरो. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत देश सायकलीवर बसला म्हणा ना!

गंमत अशी, की इंग्रजांनी ही सायकल एका माणसासाठी बनवली होती. फार तर दप्तर नाहीतर पिशवी. आपल्याकडे तिच्यावर दूध आलं, गवताचे भारे आले, गॅसच्या टाक्या आल्या, मागे बायको आणि दांडीवर दोन पोरं आली. तेव्हा गावोगावच्या सायकलवाल्यांनी ती मजबूत करायला घेतली. जाड कॅरिअर, डबल स्टँड, चिमट्याला जादा आधार आणि डबल दांडी. कारखान्यांनीही डबल दांडीच्या सायकली काढल्या. थोडक्यात काय, तर युजरचा पॅच आणि कंपनीचं व्हर्जन एकाच वाटेने गेले.

हे सगळं वाचूनही मी करवत घेतलीच. वाचलेलं आपल्या घरातल्या वस्तूला लागू होतं हे पटकन डोक्यात शिरत नाही, दुसरं काय! अंगणात सायकल उलटी ठेवली, दुसऱ्या दांडीवरचा रंग खरवडला. वर निळा ऑईलपेंट, त्याखाली हिरवा, त्याखाली कंपनीचा काळा. पण दुसऱ्या दांडीवर तो काळा थर नव्हताच, आणि दोन्ही टोकांना पिवळंधमक पितळ दिसत होतं. मी खूश. म्हणजे ही नंतरची भर! करवत चालवली, खाच पडली, तेवढ्यात मामा ओट्यावरून ओरडला, “आरं थांब! ती कशाला कापतोस? ती दादांनी धरणाच्या साली बसवून घेतलीया.”

धरणाच्या साली म्हणजे पवना धरण पुरं झालं तेव्हा, १९७२ च्या सुमारास. आजोबांची भाताची खालची खाचरं पाण्यात गेली. नेहमीचं उत्पन्न अर्ध्यावर आलं. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कैक वर्षं रेंगाळला, तो वेगळाच विषय. आजोबांनी वाट बघितली नाही. दोन म्हशी घेतल्या आणि दुधाच्या किटल्या लावून पहाटे कामशेत स्टेशन गाठायला लागले. पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्यात आदळून वरची दांडी वाकली. तेव्हा कामशेतच्या एका दुकानात ती सरळ करून खाली दुसरी जोडून घेतली. माझ्या आईची शाळेची फी त्या किटल्यांमधून निघाली. मी हे आजवर कधी ऐकलं नव्हतं, कारण कधी विचारलंच नव्हतं.

धरणात गेलेल्या खाचरांचा आमच्या घरात एकही फोटो नाही. आहे ती ही दांडी. आणि मी तिला फालतू वजन म्हणून कापत होतो.

त्यानंतरच्या रविवारी कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात गेलो. २०१७ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय अजून पाहिलं नसेल तर जरूर बघा. तिथे दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची बीएसए आहे. फ्रेम मधोमध बिजागरीवर दुमडणारी. तिला कोणी ‘बिघडवलेली सायकल’ म्हणत नाही, कारण तिच्यामागे युद्ध आहे. मग आमच्या दांडीमागे तर धरण आहे!

तर नवा प्लॅन असा ठरला: फ्रेमवर असं काही करायचं नाही जे परत फिरवता येणार नाही. रोलबॅक शक्य असेल तरच डिप्लॉय. भोक नाही, वेल्डिंग नाही, कापाकापी नाही. करवतीची खाच पितळेनेच भरून घेतली. पितळी जोडाला साधारण ९०० अंश उष्णता लागते, पोलाद वितळायला १४०० च्या वर, त्यामुळे नळी शाबूत राहते आणि गरज पडली तर तोच जोड पुन्हा तापवून उसवताही येतो.

गिअरचं उत्तर जुन्या बाजारात मिळालं. एका रविवारी स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब सापडला. १९०२ मध्ये नॉटिंगहॅमला सुरू झालेली ही कंपनी हबवरच महिना आणि साल ठोकायची. माझ्यावर ६२ आणि ५ आहे, म्हणजे मे १९६२. सगळे गिअर हबच्या पोटात, त्यामुळे डिरेलरचा कान नको. जुन्या इंग्लिश पद्धतीप्रमाणे त्याला ४० तारा, आणि आपल्या मागच्या रिमलाही ४० च भोकं! दोन वॉशर इकडेतिकडे केले आणि चाक बसलं. वायर पट्टीने आवळली. सळ्यांचे ब्रेक तसेच ठेवले, कारण ते रिमला आतून धरतात आणि त्या गोल काठाच्या रिमवर वायरचे ब्रेक नीट लागतही नाहीत. पहिल्या गिअरला चाक पाऊण वेगाने फिरतं, चढाला तेवढं पुरतं.

रंग काळा दिला. फक्त दुसऱ्या दांडीच्या टोकाला, भरलेल्या खाचेजवळ, दोन बोटं पितळ उघडं ठेवलंय. त्यावर लॅकर मारलाय.

काल पहाटे तिकोणा पेठहून कामशेतला निघालो. किटल्या नव्हत्या, गिअर होते, तरीही चढावर दोनदा उतरलो. मामाला सांगितलं तर म्हणाला, “दादा उतरायचे न्हाईत.”

असो. तुमच्याही माळ्यावर अशी सायकल असेल तर करवत घेण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला हाक मारा.